महागडा पॉवर सप्लाय खरंच वीज वाचवतो का?

बारावीचा निकाल लागला की अनेक घरांत कॉम्प्युटर घेण्याचा विषय निघतो. मुलीला बीसीए किंवा इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालेला असतो, मुलगा टॅली शिकत असतो, नाहीतर घरातलाच कुणी गावात ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचे केंद्र काढण्याच्या विचारात असतो. गगनबावडा, असळज, साळवण, तिसंगी या भागातून माणूस त्यासाठी कोल्हापूरला जातो. गगनबावड्याहून तर जाऊन-येऊन शंभर किलोमीटरच्या वर प्रवास, खिशात मोजके पैसे. दुकानात प्रोसेसर, रॅम, डिस्क ठरते आणि शेवटी प्रश्न येतो तो पॉवर सप्लायचा, म्हणजे ज्याला सगळे ‘एसएमपीएस’ म्हणतात त्या लोखंडी डबीचा. साधा सातशे रुपयांना. दुसरा अडीच हजारांना, खोक्यावर ‘८० प्लस’ असा शिक्का. विकणारा सांगतो, “महाग वाटतो, पण वीज निम्मी लागते. दोन वर्षांत पैसे वसूल.”

अठराशे रुपयांचा फरक आहे. महिन्याला बारा-पंधरा हजारांत घर चालवणाऱ्या माणसासाठी तो लहान नाही. तेवढ्यात मुलीच्या वर्षभराच्या पुस्तकांचा बराचसा खर्च निघतो. म्हणून त्या वाक्यात किती तथ्य आहे, हे कागद-पेन घेऊन पाहायला हवे.

आधी ही डबी काय करते ते समजून घेऊ. भिंतीतल्या प्लगमधून २३० व्होल्टची उलट-सुलट वाहणारी वीज येते. कॉम्प्युटरच्या आतल्या भागांना मात्र १२ व्होल्ट, ५ व्होल्ट, ३.३ व्होल्ट अशी एकाच दिशेने वाहणारी मंद वीज लागते. हे रूपांतर एसएमपीएस करतो. ते करताना थोडी वीज उष्णता बनून वाया जाते. डबीच्या मागच्या पंख्यातून जी गरम हवा येते, तीच ही वाया गेलेली वीज. कॉम्प्युटरला ५० वॅट हवे असतील आणि सप्लाय ७० टक्के कार्यक्षम असेल, तर भिंतीतून सुमारे ७१ वॅट ओढले जातात. तोच ८५ टक्के कार्यक्षम असेल, तर ५९ वॅट. मीटर मोजतो ते भिंतीतून ओढलेले वॅट. डबीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले ४५० किंवा ५०० वॅट हा केवळ ती जास्तीत जास्त किती देऊ शकते याचा आकडा. ४५० वॅटचा सप्लाय बसवला म्हणून ४५० वॅटचे बिल येत नाही. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की काही जण बिलाच्या भीतीने मुद्दाम कमी वॅटचा सप्लाय मागतात.

‘८० प्लस’ची सुरुवात अमेरिकेत २००४ साली झाली. कल्पना साधी होती. क्षमतेच्या २०, ५० आणि १०० टक्के भारावर ज्या सप्लायची कार्यक्षमता ८० टक्क्यांहून कमी नाही, त्याला हा शिक्का द्यायचा. त्या काळी बाजारातले बरेच सप्लाय ६५-७० टक्क्यांच्या आसपास घुटमळत होते. पुढे ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, टायटॅनियम अशा पायऱ्या आल्या. २००७ मध्ये तिथल्या सरकारच्या ‘एनर्जी स्टार’ योजनेने डेस्कटॉप कॉम्प्युटरसाठी हीच पातळी अट म्हणून घातली. यात लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की या योजनेमागे पैसा होता तो वीज कंपन्यांचा. लाखो कॉम्प्युटर प्रत्येकी दहा-बारा वॅट कमी ओढतील तर नवे वीजकेंद्र उभारण्याचा खर्च टळेल, हा त्यांचा हिशेब. तो बरोबरच होता. पण कंपनीचा लाखो यंत्रांचा हिशेब आणि आपल्या घरातल्या एका यंत्राचा हिशेब एक नव्हे.

घरातला हिशेब

कॉलेजात शिकणारी मुलगी दिवसाला पाच तास कॉम्प्युटर वापरते, वर्षात तीनशे दिवस, असे धरू. म्हणजे पंधराशे तास. टायपिंग, ब्राउझर, प्रोग्रॅमिंगचा सराव, मधूनमधून व्हिडिओ, अशा वापरात आजच्या साध्या डेस्कटॉपला आतून ५० वॅटच्या आसपास पुरतात. ७० टक्क्यांच्या सप्लायऐवजी ८५ टक्क्यांचा बसवला, तर फरक साडेबारा वॅटचा. पंधराशे तासांत तो होतो सुमारे १९ युनिट.

वर्षाला एकोणीस युनिट. महिन्याला दोनसुद्धा नाहीत.

याचे रुपये किती? महावितरणच्या घरगुती बिलात पहिली शंभर युनिट स्वस्त असतात आणि त्यापुढची जवळजवळ दुप्पट महाग. वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि त्यावरचे १६ टक्के विद्युत शुल्क असे सगळे मिळून हिशेबासाठी खालच्या टप्प्यात ७ रुपये आणि वरच्या टप्प्यात १३ रुपये धरू. दर बदलत राहतात, आपल्या बिलाच्या मागच्या बाजूला पाहून आकडा दुरुस्त करावा. या दराने १९ युनिटांचे होतात १३३ ते २४७ रुपये. वर्षाला. अठराशे रुपये वसूल व्हायला सात ते साडेतेरा वर्षे लागतील. तोवर तो कॉम्प्युटर भंगारात गेलेला असेल आणि मुलगी नोकरी करत असेल.

इथे टप्प्यांबद्दल एक खुलासा करायला हवा, कारण त्यावरून घराघरांत वाद होतात. वापर १०१ युनिट झाला की सगळीच युनिट महाग दराने लागतात, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. पहिली शंभर शंभरच्याच दराने आणि वरचे एक युनिट वरच्या दराने. पण याचा दुसरा अर्थ असा की आपण जी युनिट वाचवतो ती नेहमी सर्वांत वरच्या, म्हणजे आपल्या बिलातल्या सर्वांत महाग टप्प्यातली असतात. ज्या घरी महिन्याला ८० युनिट लागतात त्याची बचत ७ रुपयांची, ज्या घरी १८० लागतात त्याची १३ रुपयांची. एकच वस्तू शेजारच्या दोन घरांत वेगवेगळा फायदा देते, ती यामुळे.

मग ब्राँझ सोडून गोल्ड घेतला तर? ८५ वरून ९० टक्क्यांवर गेलो की त्याच वापरात वर्षाला जेमतेम ५ युनिट वाचतात. पस्तीस ते पासष्ट रुपये. त्यासाठी आणखी दोन हजार मोजायचे, तर ते फिटायला तीस वर्षे कमीच. शिवाय एक मेख आहे. या शिक्क्यासाठीची मोजणी २० टक्के भारापासून सुरू होते, फक्त टायटॅनियमला १० टक्क्यांची अट आहे. ६५० वॅटचा गोल्ड सप्लाय घेतला आणि कॉम्प्युटर ५० वॅटच ओढत असेल, तर तो ८ टक्क्यांवर चालतो आहे. तिथली कार्यक्षमता खोक्यावरच्या शिक्क्यात येतच नाही आणि एवढ्या कमी भारावर ती उतरलेली असते. मोठा आणि भारी सप्लाय लहान कामाला जुंपला की भारीपणा वाया जातो.

इसराफ म्हणजे उधळपट्टी नको, नदीकाठी वुजू करतानाही पाणी जपून वापरावे, ही शिकवण आपल्या घरांत लहानपणापासून मिळते. गगनबावड्याला ती वेगळीच जाणवते, कारण जिल्ह्यात सर्वांत जास्त पाऊस इथे. आभाळातून पाणी कोसळत असतानाही लोटाभर पाणी मोजून वापरायचे. विजेलाही तोच न्याय. पण गरज नसताना शिक्क्याच्या मोहाने दोन हजार जास्त मोजणे हाही इसराफच आहे. वीज वाचवण्याच्या नावाने पैसे उधळले, तर पुण्य पदरात पडले असे समजू नये.

बटण

आता याच घरातली दुसरी एक गोष्ट पाहू, जिच्याकडे कुणी विक्रेता लक्ष वेधत नाही. कॉम्प्युटर ‘शट डाउन’ केला तरी एसएमपीएस पूर्ण झोपत नाही. पुढचे बटण दाबल्यावर यंत्र जागे व्हावे म्हणून तो आतून ५ व्होल्टची एक बारीक धार चालू ठेवतो. जुन्या आणि स्वस्त सप्लायमध्ये यात २ ते ४ वॅट जातात. मधला ३ वॅटचा आकडा धरला आणि कॉम्प्युटर दिवसाचे एकोणीस तास बंद असला, तर वर्षाला सुमारे २१ युनिट होतात. म्हणजे अठराशे रुपये जास्त देऊन जेवढी वीज वाचली असती, त्याहून थोडी जास्तच वीज भिंतीवरचे बटण बंद न केल्याने जाते. अमेरिकेत प्लगला बटण नसते, तिथे हा त्रास खरा आहे. आपल्याकडे प्रत्येक सॉकेटला बटण दिलेले आहे. ते दाबायला काही लागत नाही.

याहून मोठी गळती म्हणजे यंत्र चालू ठेवून उठणे. काही तरी डाउनलोड होत असते, कुणी जेवायला हाक मारते, मग इशाची नमाज, मग झोप. सकाळी पाहावे तर पंखा फिरतोच आहे. रिकामा चालणारा डेस्कटॉपही भिंतीतून ६० वॅट सहज ओढतो. रोज रात्री बारा तास असा राहिला तर तीनशे दिवसांत २१६ युनिट. भारी सप्लायच्या बचतीच्या अकरा पट. विंडोजमध्ये वीस मिनिटांनी ‘स्लीप’ होण्याची सोय पहिल्यापासून असते, घरातल्या ज्याला जमते त्याने ती एकदा लावून द्यावी. स्क्रीनवर मासे पोहताना दाखवणारे स्क्रीनसेव्हर वीज वाचवत नाहीत. जुन्या काचेच्या मॉनिटरवर चित्राचा डाग पडू नये म्हणून ते आले होते.

आणि खरोखर कमी बिल हवे असेल, तर डेस्कटॉपच घ्यावा का, हा प्रश्न आधी विचारावा. साधा लॅपटॉप पडद्यासकट २० ते ३० वॅटमध्ये काम करतो. डेस्कटॉप आणि मॉनिटर मिळून ८०-९० लागतात. हा फरक कोणत्याही शिक्क्याने भरून निघत नाही. अर्थात लॅपटॉप महाग, दुरुस्तीला त्याहून महाग, आणि चार भावंडांत एक डेस्कटॉप जास्त वर्षे टिकतो. हे ज्याचे त्याने ठरवावे. माझे मत विचाराल तर बाहेरगावी शिकायला जाणाऱ्या मुला-मुलीला लॅपटॉप आणि घरी सगळ्यांनी मिळून वापरायला डेस्कटॉप.

ज्यांना खरंच परवडते

सगळ्यांचे गणित असेच तोट्याचे येते असे नाही. तास आणि भार वाढला की चित्र बदलते.

सातबारा, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचे अर्ज, पीक विमा, हज यात्रेचे ऑनलाइन अर्ज अशी कामे करणारे केंद्र घ्या. चार कॉम्प्युटर, दिवसाला दहा तास, वर्षात तीनशे दिवस. तेच ५० वॅट आणि तेच ७० विरुद्ध ८५ टक्के धरले तर वर्षाला सुमारे १५० युनिट वाचतात. दुकानाची वीज वाणिज्य दराने आणि विद्युत शुल्क २१ टक्के, म्हणून युनिटला बारा रुपये धरू. अठराशे रुपये सुटतात. चार सप्लायचा जादा खर्च सात हजार दोनशे, म्हणजे चार वर्षांत फिटतो. फार मोठा नफा नाही, पण तोटाही नाही. आणि जुना सप्लाय जळाल्यामुळे नवा घ्यायचाच असेल, तर चांगला घेणे सरळ शहाणपणाचे.

लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ करणाऱ्या तरुणांचे गणित आणखी वेगळे. त्यांच्या यंत्रात ग्राफिक्स कार्ड असते, व्हिडिओ तयार होत असताना आतून ३०० वॅटही लागतात. रोज सहा तास असे काम चालले तर ७० आणि ८५ टक्क्यांतला फरक वर्षाला १३६ युनिटांचा होतो. वरच्या टप्प्यात सतराशे-अठराशे रुपये, एका वर्षात वसूल. मात्र इथे तुलना करण्यातही फारसा अर्थ नाही, कारण सातशे रुपयांचा सप्लाय ३०० वॅटचा भार दिवसेंदिवस पेलेल यावर माझा तरी विश्वास नाही. अशा माणसाला गोल्डसुद्धा पाचेक वर्षांत परवडतो. शिक्क्याच्या वरच्या पायऱ्या खऱ्या अर्थाने अशांसाठी आहेत.

मग घरी सातशेचाच घ्यावा का?

नाही. पण कारण वेगळे आहे.

गगनबावड्याचा पावसाळा ज्याने काढला आहे त्याला विजेचे इथले हाल माहीत आहेत. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, करूळ आणि भुईबावडा घाटांतून वर येणारा वारा, तारांवर पडणाऱ्या फांद्या. वीज जाते, येते, पुन्हा जाते. परत येते तेव्हा कधी व्होल्टेज खाली गेलेले असते, कधी क्षणभर उसळी मारून येते. मेच्या अखेरीस वळवाच्या विजा कडाडतात ते वेगळेच. आणि जूनपासून चार महिने हवेत एवढी ओल असते की कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. ही ओल एसएमपीएसच्या आतल्या पट्टीवरही बसते, वर धूळ, त्यात कधी पाल.

स्वस्त सप्लायमध्ये पैसे वाचवले जातात ते नेमके न दिसणाऱ्या भागांत. उसळी शोषून घेणारा भाग नसतो, दाब वाढला तर स्वतःला बंद करून घेण्याची सोय अपुरी असते, कपॅसिटर हलके असतात. चांगला सप्लाय बिघडला तर बहुतेक वेळा एकटा मरतो. वाईट सप्लाय मरताना मदरबोर्ड आणि डिस्क घेऊन जातो. बोर्ड पाच-सात हजारांत मिळतो. डिस्कवरचा मुलीचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट किंवा केंद्रातली गिऱ्हाइकांची कागदपत्रे कोणत्याही दुकानात मिळत नाहीत. अठराशे रुपये हे या संरक्षणाचे आहेत. महिन्याच्या बिलात वाचतील ते दहा-वीस रुपये वर चिंचोके समजावेत.

म्हणून घेताना शिक्क्याच्या रंगापेक्षा डबीच्या बाजूला चिकटवलेला तक्ता वाचावा. त्यात ‘इनपुट’समोर १०० ते २४० व्होल्ट लिहिले आहे की २०० ते २४०, हे पाहावे. पहिल्या प्रकारचा सप्लाय व्होल्टेज दीडशे-पावणेदोनशेवर उतरले तरी चालत राहतो. दुसऱ्या प्रकारचा अशा वेळी बंद पडू शकतो. आपल्या डोंगरी भागाला पहिला सोयीचा. मग १२ व्होल्टसमोरचा अँपिअरचा आकडा पाहावा आणि त्याला बाराने गुणावे. आजच्या कॉम्प्युटरमध्ये जवळजवळ सगळा भार या १२ व्होल्टवर असतो. डबीवर ‘४५० वॅट’ आणि तक्त्यात १२ व्होल्टला १४ अँपिअर लिहिले असेल, तर कामाचे वॅट झाले १६८. बाकीचे कागदावरचे. मापात कमी देणाऱ्यांबद्दल कुरआनात किती कडक शब्द आले आहेत हे आपण जाणतो. तराजूच्या पारड्याखाली मेण लावणे आणि १६८ वॅटच्या डबीवर ४५० छापणे यांत फरक कोणता, हे मला कळलेले नाही. दुकानदाराला हा गुणाकार समोर करून दाखवावा. प्रामाणिक असेल तर तोही दुसरा माल काढेल.

८० प्लसचा शिक्काही नकली असू शकतो. शिक्का मिळालेल्या प्रत्येक मॉडेलची यादी आणि चाचणीचा निकाल इंटरनेटवर खुला आहे. मोबाइलवर मॉडेल क्रमांक टाकून दोन मिनिटांत पाहता येतो. यादीतल्या चाचण्या मुख्यतः अमेरिकेच्या ११५ व्होल्टवरच्या असतात. आपल्या २३० व्होल्टवर तोच सप्लाय एक-दोन टक्के बरा चालतो, हा आपला थोडा फायदा.

यूपीएस असलेल्यांसाठी दोन शब्द. कार्यक्षम सप्लाय कमी ओढतो म्हणून वीज गेल्यावर यूपीएस थोडा जास्त वेळ टिकतो. मॉनिटर धरून ९१ वॅटऐवजी ७९ लागले, तर वीस मिनिटांची तेवीस होतात. फॉर्म ‘सबमिट’ व्हायचा बाकी असताना ती तीन मिनिटे मोलाची. पण चांगल्या सप्लायमध्ये ‘अॅक्टिव्ह पीएफसी’ नावाची एक सोय असते आणि स्वस्त यूपीएसची चौकोनी लहर तिला कधीकधी मानवत नाही. वीज गेली की कॉम्प्युटर यूपीएसवर न जाता सरळ बंद होतो. यूपीएस घेताना आपल्या सप्लायबरोबर तिथेच एकदा प्लग ओढून पाहावा. नंतर घाट चढून परत यावे लागत नाही.

याच पीएफसीवरून आणखी एक गोष्ट आठवली. बाजारात आणि मोबाइलवरच्या जाहिरातींत ‘पॉवर सेव्हर’ म्हणून प्लगमध्ये खोचायची एक डबी विकतात. हिरवा दिवा लागतो आणि बिल तीस-चाळीस टक्के कमी होईल असे सांगतात. आत बहुधा एक साधा कपॅसिटर असतो. तो सुधारतो असे सांगतात त्या पॉवर फॅक्टरसाठी आपल्या घरगुती मीटरवर पैसेच लागत नाहीत, तिथे प्रत्यक्ष खर्ची पडलेली युनिट मोजली जातात. म्हणजे जी गोष्ट बिलात नाही ती वाचवण्याचे हे यंत्र. शंभर रुपयांनाही घेऊ नये. तेवढे पैसे खर्चायचेच असतील तर पंख्याकडे पाहावे. जुना छताचा पंखा ७५ वॅट ओढतो, नवा बीएलडीसी पंखा २८ ते ३५. कोल्हापूर शहरात वर्षातले आठ महिने रात्रभर पंखा लागतो, तिथे एका पंख्यात कॉम्प्युटरच्या सप्लायपेक्षा कितीतरी जास्त वाचते. गगनबावड्याला पंखा एवढा लागतच नाही, तिथे पाहावे ते गिझरकडे. २,००० वॅटचा गिझर पंधरा मिनिटे विनाकारण तापत राहिला तर अर्धे युनिट गेले. कॉम्प्युटरच्या सप्लायने ते परत मिळवायला दहा दिवस लागतात.

पावसाळ्यापूर्वी करायची कामे थोडीच आहेत. कॉम्प्युटर जमिनीवरून उचलून वीतभर उंच ठेवावा, भिंतीपासून थोडा सरकवावा, ब्लोअरने धूळ काढावी, अर्थिंग एकदा वायरमनकडून तपासून घ्यावे. विजा कडाडू लागल्या की बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढून ठेवावा आणि इंटरनेटची केबलही. पावसाळ्यात यंत्र आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नये. दिवसाआड अर्धा तास चालवले तर आतली ऊब ओल धरू देत नाही. एवढ्यापुरती ती वाया जाणारी उष्णता कामी येते.

एक विषय राहिला, तो मदरशांना आणि उर्दू शाळांना मिळणाऱ्या जुन्या कॉम्प्युटरचा. शहरातली एखादी कंपनी किंवा सधन कुटुंब सदक्याच्या नियतीने दहा जुने संच देते. देणाऱ्याची भावना चांगली असते, पण वीजबिल घेणाऱ्याने भरायचे असते. त्यात काचेचे जाड मॉनिटर असतील तर प्रत्येकी ७५ वॅट, पातळ एलसीडी असेल तर १८. दहा संच, दिवसाला तीन तास, अडीचशे दिवस धरले, तर केवळ पडद्यांच्या फरकात सवाचारशे युनिट जातात. सप्लाय जुने, मापात खोटे, पहिल्या पावसात त्यातले दोन-तीन जाणार. दहा जुने संच देण्यापेक्षा सहा द्यावेत, पातळ पडद्यांसह, चांगले सप्लाय बसवून, आणि सगळ्यांना मिळून भिंतीवर एकच मोठे बटण, जे शेवटचा मुलगा बाहेर पडताना बंद करेल. ज्यांनी आधीच जाड पडद्यांचे संच दिले आहेत, त्यांनी या वर्षी फक्त पडदे बदलून दिले तरी चालेल. वापरलेला एलसीडी कोल्हापुरात दीड-दोन हजारांत मिळतो.